महाराज गादीवर उभे राहण्याआधी

सप्ताहाचा चौथा दिवस होता. नेवासे तालुक्यातलं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही. मंडपात हजार-बाराशे माणूस. टाळकऱ्यांनी 'जय जय रामकृष्ण हरी' चढवत चढवत नेलं आणि एकदम थांबवलं. महाराजांनी अभंगाचं पहिलं चरण घेतलं, आवाज खाली आणला, निरूपणाला तोंड फोडलं आणि माईकनं 'कुईंऽऽ' करून कान फाडले. मिक्सरवर मीच होतो. मास्टर खाली ओढला. शिट्टी गेली, तिच्याबरोबर महाराजही गेले. मागून आरोळी आली, "आवाज येईना!" मास्टर वर केला. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या खेपेला महाराज हात जोडून माझ्याकडे वळले. "बाळा, तुझं कीर्तन आधी होऊन जाऊ दे. मग मी करतो."

मंडप हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण रात्री पंगत उठल्यावर रिकाम्या मंडपात जाऊन बसलो आणि काय काय चुकलं ते मोजलं. नऊ माईक चालू होते. गादीच्या मागचा फ्लेक्स झाकला जाऊ नये म्हणून कमिटीनं दोन्ही स्पीकर फ्लेक्सच्या रेषेत, म्हणजे महाराजांच्या पाठीमागे उभे करायला लावले होते. मिक्सर स्टेजच्या बाजूला, जनरेटरजवळ, जिथून मंडपातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं. आणि महाराजांच्या उपरण्याला कॉलर माईक. शिट्टी वाजली नसती तरच नवल होतं.

आपल्या भागात वर्षभर कुठे ना कुठे मंडप उभा असतो. गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह, सरला बेटाचा श्रावणातला मोठा सप्ताह, मढीची यात्रा, मोहट्याचा नवरात्रोत्सव. प्रत्येक ठिकाणी माईक आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चालवणारा पोरगा माझ्यासारखाच बघत बघत शिकलेला आहे. हा लेख त्याच्यासाठी आहे. त्याच्याहून जास्त, त्याला "आवाज वाढव" म्हणणाऱ्या कमिटीसाठी आहे.

शिट्टी होते कशी ते आधी बघू. माईकला माणूस ओळखता येत नाही. त्याच्या जाळीवर पडलेला आवाज महाराजांचा की स्पीकरमधून परत आलेला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो दोन्ही उचलतो आणि पुढे पाठवतो. मिक्सर, अॅम्प्लिफायर, स्पीकर, हवा आणि परत माईक, असं हे रहाटगाडगं फिरत असतं. एका फेरीत आवाज थोडा कमी होऊन परत आला तर विरून जातो. पण जेवढा गेला तेवढाच किंवा त्याहून किंचित जास्त परतला, तर सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा फुगत जातो. माईक आणि स्पीकर यांच्यात तीन मीटर, म्हणजे दहा फूट अंतर असेल तर आवाजाला हवेतून यायला नऊ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे सेकंदाला शंभरावर फेऱ्या. म्हणूनच शिट्टी हळूहळू आल्यासारखी वाटत नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपेला जाते. आणि ती एकाच सुरात वाजते, कारण तो माईक, तो स्पीकर आणि तो मंडप मिळून ज्या सुराला सगळ्यात जास्त उचलून धरतात, तो सूर शर्यत जिंकतो.

या प्रकाराला साऊंडवाले 'फीडबॅक' म्हणतात. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास केला, म्हणून फ्रान्स-इटलीकडे आजही शिट्टी वाजली की 'लार्सन' झाला म्हणतात. आपल्याकडे 'माईक कुई करतोय' म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त खरा वाटतो.

आता मुद्द्याचं. त्या रात्री मी मास्टर वर-खाली करत होतो, तेव्हा लोकांपर्यंत जाणारा महाराजांचा आवाज आणि स्पीकरमधून माईककडे परतणारा आवाज दोन्ही एकदमच वर-खाली होत होते. त्यांचं आपसातलं प्रमाण काही बदलत नव्हतं. गेन वाढवा, फेडर वाढवा, अॅम्प्लिफायरची कळ वाढवा, प्रमाण तेच राहतं. ते ठरतं अंतरानं. महाराजांचं तोंड माईकपासून किती लांब आणि स्पीकर माईकपासून किती लांब, एवढ्यावर निम्म्याहून जास्त निकाल लागतो. तो निकाल दुपारी, मंडपात कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा लावून घ्यायचा असतो.

तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माईकवर पडणारा आवाज सहा डेसिबलनं वाढतो. हा आकडा कमिटीला असा समजवा: माईक तोंडापासून एक फूट होता तो सहा इंचांवर आणला, तर १०० वॅटच्या अॅम्प्लिफायरच्या जागी ४०० वॅटचा आणल्याइतका फरक पडतो. फुकटात. आणि नवा अॅम्प्लिफायर शिट्टीही चौपट ताकदीनं वाजवेल, सरकवलेला माईक ती वाजवणार नाही. स्टँडवरचा माईक असेल तर तोंडापासून चार बोटं, जास्तीत जास्त वीतभर. 'प' आणि 'भ' म्हणताना फुंकर बसते म्हणून माईक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या बाजूनं थोडा तिरका लावा.

कॉलर माईकबद्दल माझं मत पक्कं झालंय: कीर्तनात तो नकोच. सभागृहात बसून बोलणाऱ्या पाहुण्याला ठीक आहे. कीर्तनात तो छातीवर, तोंडापासून सात-आठ इंचांवर असतो. बहुतेक कॉलर माईक चारही दिशांचं सारखंच ऐकतात, त्यामुळे पाठीमागचे चाळीस टाळ त्यात महाराजांच्या बरोबरीनं शिरतात. मग महाराज ऐकू यावेत म्हणून गेन वाढवायचा, की आली शिट्टी. त्यापेक्षा कानावरून गालापर्यंत येणारा हेड माईक घ्या. त्याची बोंडी ओठाच्या कोपऱ्यापासून इंच-सव्वा इंचावर राहते. सात इंचांवरून सव्वा इंचावर आलात की हातात पंधरा डेसिबल जादा येतात. एवढी ढील इक्वलायझरच्या कितीही दांड्या हलवून मिळणार नाही. काही ज्येष्ठ महाराजांना गालावर तार नको वाटते. त्यांना आग्रह करू नका. त्यांच्यासमोर चांगला स्टँडचा माईक ठेवा. जुने कीर्तनकार स्टँडच्या माईकपासून हलत नाहीत. त्यांना त्याची सवय असते.

स्पीकर कुठे उभे करायचे ते एका वाक्यात सांगता येतं: सगळे माईक स्पीकरच्या पाठीमागे आले पाहिजेत. नारदाच्या गादीवर उभं राहून बघा. दोन्ही स्पीकर तुमच्या पुढे आणि बाजूला, किमान आठ-दहा फूट अंतरावर आणि तोंड लोकांकडे. फ्लेक्स झाकला जातो म्हणून कमिटी कुरकुर करेल. फ्लेक्सवरचे फोटो सगळ्यांनी आदल्या दिवशीच व्हॉट्सअॅपवर बघितलेले असतात, असं त्यांना नम्रपणे सांगा.

उंचीचंही भान ठेवा. कीर्तन ऐकणारे खाली सतरंजीवर बसतात, त्यांचे कान जमिनीपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर. स्पीकर सात फुटी स्टँडवर चढवून सरळ ठेवला की त्याचा निम्मा आवाज डोक्यावरून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळतो आणि परत स्टेजवर येतो. स्पीकर उंच जरूर ठेवा, पण तोंड खाली झुकवा. स्टँडच्या खाचेत लाकडाची पाचर मारून झुकवलेला स्पीकर मी कित्येक मंडपांत चालवलाय. फक्त दोरीनं बांधून घ्यायला विसरू नका.

मंडप लांबट असेल तर पुढच्या दोन स्पीकरवरच शेवटच्या ओळीपर्यंत आवाज फेकायचा हट्ट धरू नका. दर चाळीस-पन्नास फुटांवर दोन्ही बाजूंना लहान कॉलम लावा आणि ते हळू ठेवा. ऐकणाऱ्याजवळ स्पीकर आला की सगळ्यांचाच आवाज कमी ठेवून भागतं आणि स्टेजकडे परतणारा आवाज घटतो. यात एक मेख आहे. वीज तारेतून लगेच पोहोचते, आवाज हवेतून चालत येतो. पुढच्या स्पीकरपासून ३४ मीटरवर बसलेल्या आजीला जवळच्या कॉलममधून शब्द आधी ऐकू येतो आणि पुढचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं मागून येतो. शब्द डबल होतात. डिजिटल मिक्सर असेल तर मागच्या कॉलमना दर मीटरला तीन मिलिसेकंदांच्या हिशेबानं डिले द्या आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद जादा. मग आवाज पुढूनच, महाराजांकडूनच आल्यासारखा वाटतो. साधा मिक्सर असेल तर मागचे कॉलम आणखी हळू ठेवणं, एवढाच उपाय.

बांधलेल्या सभामंडपाची गोष्ट वेगळी. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, बाजूला संगमरवर. गावानं कष्टाच्या वर्गणीतून बांधलेलं असतं, दिसायला देखणं, आणि आवाजाच्या दृष्टीनं रिकामी पाण्याची टाकी. तिथे शिट्टी लवकर येते, कारण आवाजाला विरायला जागाच नसते. फरशीवर जाड सतरंज्या अंथरा, टाळकऱ्यांच्या मागे चुण्या पाडलेला जाड पडदा सोडा. ताणून बांधलेला फ्लेक्स आवाज शोषत नाही, जाड कापड निदान वरचे कर्कश सूर तरी पिऊन टाकतं. सगळ्यात चांगलं शोषण माणसांचं. म्हणून रिकाम्या मंडपात जे सेटिंग काठावर चालतं, ते भरल्यावर जरा निवांत होतं. उलटं मात्र धोक्याचं. भरल्या मंडपात शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेला आवाज माणसं पांगल्यावर, आरतीच्या वेळी ओरडतो. कळसाजवळ कर्णे बांधलेले असतील तर कीर्तनाच्या वेळी निदान आत तोंड असलेले बंद ठेवा. आत बसलेल्यांना त्यांचा उपयोग नाही आणि समोरच्या भिंतीवरून त्यांचा आवाज परत येतो.

आता टाळकऱ्यांकडे येऊ, कारण कीर्तनातली खरी गंमत इथेच आहे.

माईक नव्हता तेव्हा कीर्तन शेवटच्या ओळीपर्यंत कसं पोहोचत असेल? मला वाटतं, टाळकरीच ते काम करायचे. महाराजांनी चरण म्हणायचं आणि मागच्या दोन रांगांनी ते उचलून घोळवायचं. एकाचा शब्द चाळीस गळ्यांतून पुन्हा निघतो आणि ज्याला महाराज ऐकू आले नाहीत त्याला टाळकरी ऐकू येतात. नेवाशाला पैस खांबाशी टेकून ज्ञानेश्वरमाउलींनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत सांगितली, तेव्हाही आवाज वाढवणारं काही नव्हतं. ऐकणारे जवळ बसले होते, एवढंच. म्हणजे अंतराचं गणित तेव्हाही तेच होतं.

तर टाळकऱ्यांना माईक मुळात कमी लागतात. चाळीस टाळ दोनशे माणसांच्या मंडपात माईकशिवायही कानठळ्या बसवतात. तरी प्रत्येकाला आपल्यासमोर माईक हवा असतो, आणि गावच्या राजकारणात तो मिळतोही. हिशेब असा आहे: चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज तीन डेसिबलनं कमी होतो. एकाचे दोन केले, तीन गेले. दोनाचे चार केले, आणखी तीन. चाराचे आठ केले की एकूण नऊ डेसिबल हातचे गेले. प्रत्येक उघडा माईक हे गळकं भांडं आहे. चाल म्हणणाऱ्या दोन गायनाचार्यांना दोन माईक द्या, बाकीच्यांना मिळून एक किंवा दोन. आणि महाराज निरूपणाला लागले की हे सगळे बंद. म्यूटचं बटण असेल तर म्यूट, नाहीतर फेडर तळाला. महाराजांनी 'विठ्ठल विठ्ठल'कडे मोहरा वळवला की परत वर. यासाठी मिक्सरवरचा पोरगा मोबाईलमध्ये नाही तर कीर्तनात असला पाहिजे. महाराज सूर कधी घेणार हे त्याला दोन शब्द आधी कळलं पाहिजे. अरणगावजवळच्या मेहेराबादला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि १९६९ साली देह ठेवेपर्यंत ते पाळलं. त्याच जिल्ह्यात आम्हाला सात माईक तासभर गप्प ठेवणं जमत नाही.

पेटीचा माईक हा दुसरा छुपा चोर. पेटीचा आवाज टाळांपुढे कोवळा, म्हणून माईक दोन फुटांवर ठेवून गेन पूर्ण उघडलेला असतो. तोच माईक वीतभर अंतरावर, भात्याचा वारा लागणार नाही अशा बाजूनं लावा, गेन निम्म्यावर येतो. मृदंगाला दोन्ही तोंडांशी दोन माईक पुरतात, आणि तो इतका जवळून वाजतो की शिट्टीची भीती नसते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासमोर माईक ठेवलेला मी पाहिलाय. अहो, त्याच्या पाठीमागे वायर लावायचं भोक असतं! ती वायर सरळ मिक्सरला जोडा, एक माईक कमी झाला.

मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपल्याच लोकांसाठी ठेवलेला स्पीकर, माईकच्या कुठल्या बाजूला ठेवायचा हे माईक कोणता त्यावर ठरतं. साध्या कार्डिऑइड माईकला बरोबर पाठीमागचं ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीसमोर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माईकचा बहिरा भाग शेपटीत नसतो, तो मागे पण बाजूला असतो. समोरून मोजलं तर साधारण १२५ अंशांवर. त्याच्या शेपटीसमोर मॉनिटर ठेवलात तर घात होतो. माईकच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकावर त्याची आकृती छापलेली असते, ती एकदा नीट बघून ठेवा. मॉनिटरमध्ये काय सोडायचं? टाळकऱ्यांना पेटी हवी असते, पेटीच सोडा. महाराजांचा आवाज महाराजांच्याच पायाशी सोडू नका.

आणि माईकची जाळी मुठीत धरायची नाही, हे शाळेच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करणाऱ्या पोरांना आणि भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. माईकच्या मानेजवळच्या फटींतून मागचा आवाज आत येतो आणि पुढच्या आवाजाशी आतच कापला जातो. त्यावरच त्याचं पाठीमागचं बहिरेपण अवलंबून असतं. मूठ आवळली की फटी बंद, आणि दिशा ओळखणारा माईक चारही दिशांचा होऊन बसतो. शिट्टी आली की माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो, तेव्हा ती आणखी वाढते. रुमाल बांधणं हाही तसलाच प्रकार. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पूजेत माईकच्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं जातं, त्याला नाही म्हणवत नाही. दांडीवर वाहा एवढी विनंती करतो.

हे सगळं मांडून झालं की मग मिक्सर. आधी नाही. आणि मिक्सर मंडपाच्या आत, लोकांमध्ये, शेवटून तिसऱ्या हिश्श्यात मांडा. मल्टीकोर वायर लांब लागेल, भाडं थोडं जास्त पडेल. पण चालवणाऱ्याला लोक ऐकतात तेच ऐकू आलं पाहिजे.

सुरुवातीला आवाजाच्या प्रत्येक माईकवर लो-कट चालू करा, साधारण १०० ते १२० हर्ट्झवर. स्टेजच्या फळ्यांचा धपधपाट आणि वाऱ्याची घूं घूं गेली. मग शिट्टी मुद्दाम काढून घ्यायची. दुपारी चारच्या सुमाराला, मंडप रिकामा असताना, गादीच्या जागी एक माणूस उभा करा, माईक त्याच्या तोंडाशी, बाकीचे बंद. मास्टर हळूहळू वर न्या. एका ठिकाणी माईक 'ऊं' किंवा 'ईं' करून बारीक घुमायला लागेल. तिथे थांबा, तो सूर ओळखा, ३१ दांड्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर त्या सुराची दांडी तीन डेसिबल खाली घ्या. पुन्हा मास्टर थोडा वर. दुसरा सूर घुमेल, त्याचीही दांडी खाली. असे चार-पाच सूर कापले की थांबा. त्यापुढे कापत राहिलात तर शिट्टीबरोबर महाराजांच्या आवाजाचाही जीव जातो आणि तो डब्यातून आल्यासारखा वाटतो. शेवटी मास्टर सहा डेसिबल खाली आणून तिथे चिकटपट्टी लावा. पट्टीच्या वर जायचं नाही, कोणी काहीही म्हणो.

सूर ओळखायचा कसा? मोबाईलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारी अॅप फुकट मिळतात, त्यातलं सगळ्यात उंच शिखर बघा. पण काही दिवस कान तयार करा. त्यासाठी एक बाराखडी पाठ करून ठेवली की भागतं. शिट्टी 'ऊऽ' म्हणत असेल तर २५० हर्ट्झच्या आसपास, 'ओऽ' म्हणत असेल तर ५००, 'आऽ' असेल तर १०००, 'एऽ' असेल तर २०००, आणि 'ईऽ' करून दातात कळ आणत असेल तर ३०००-४०००. कर्ण्यांच्या मंडपात बहुधा 'आ' आणि 'ई' भेटतात, स्लॅबच्या सभामंडपात 'ऊ' आणि 'ओ'.

इकोबद्दल चार कटू शब्द. आपल्याकडे साऊंडवाल्याची हुशारी इकोवर मोजतात. 'माउली ली ली ली' झालं की लोक खूश. पण इको म्हणजे त्याच रहाटगाडग्याला जोडलेली दुसरी माळ आहे. थांबलेला आवाज पुन्हा स्पीकरमध्ये सोडायचा आणि पुन्हा माईकमध्ये घ्यायचा. निरूपणात इको शून्य. चालीला हवा तर चिमूटभर. कॉम्प्रेसर असेल तर त्याच्याशीही जपून. तो मोठा आवाज दाबतो, त्याची भरपाई म्हणून आपण एकूण आवाज वाढवतो, आणि महाराज हळू आवाजात डोळ्यांत पाणी आणणारा दृष्टांत सांगू लागले की नेमका तेव्हा माईक ओरडतो. त्या चौथ्या दिवशी यातलंही काहीतरी झालं होतं.

शिट्टी आपोआप मारणारं यंत्र घ्यावं का, असं दरवर्षी एखादी कमिटी विचारते. घ्या, पण सगळ्यात शेवटी. ते यंत्र टिकून राहिलेला एकच सूर शोधतं आणि कापतं. महाराजांनी लांब आलाप धरला किंवा पेटीवाल्यानं स्वर दाबून ठेवला, तर त्यालाही ते शिट्टी समजू शकतं. आवाजाचा प्रत्येक सूर पाच-एक हर्ट्झनं सरकवायचा आणि रहाटगाडग्याची एका सुराशी जुळणी होऊच द्यायची नाही, ही युक्ती ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी मांडली. भाषणाला ती छान चालते. पण काळी एकचा 'सा' पाच हर्ट्झनं सरकला तर अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा चुकतो. पेटीवाला तुम्हाला माफ करणार नाही.

एवढं सगळं करूनही शिट्टी येईल. तेव्हा सगळा मास्टर खाली आपटू नका. ज्या माईकवर शंका आहे त्याचा फेडर बोटाखाली हवा, तो दोन-चार डेसिबल खाली घ्या, लोकांच्या लक्षातही येत नाही. कॉर्डलेस माईक घेऊन लोकांत उतरणारे महाराज असतील तर दुपारीच गादीसमोर, स्पीकरच्या रेषेच्या फूटभर अलीकडे, चुन्याची फक्की मारून ठेवा आणि चहा देताना सांगा, "महाराज, या रेघेच्या पुढं गेलात का माईक बोंबलतो." लक्ष्मणरेषेचा विनोद ते स्वतःच करतात आणि रेघ पाळतात.

बाकीचे कार्यक्रम थोडक्यात. पारायणात व्यासपीठचालक पोथीवर मान वाकवून वाचतात, त्यामुळे उंच स्टँडवरचा माईक त्यांच्या टाळूला ऐकतो. बुटका वाकणारा माईक पोथीच्या कडेला, हनुवटीखाली लावा. ग्रामसभा हिवरे बाजारची असो की तुमच्या-आमच्या गावची, माईक हातोहात फिरतो आणि बोलणारा तो पोटाशी धरतो. एक पोरगा माईकबरोबर फिरवा, त्यानं माईक स्वतः धरायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचाच नाही. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. एकांकिकेला स्टेजच्या कडेवर ठेवलेले माईक दहा फुटांवरून ऐकतात, त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. पोरांना आवाज टाकायला शिकवा. आणि माईक हलवला तरी न बदलणारी, संथ 'हूंऽ' अशी घरघर ही शिट्टी नव्हेच. ती अर्थिंगची किंवा लाईटच्या वायरची भानगड आहे, तिथे इक्वलायझर फिरवत बसू नका, वायरमनला बोलवा.

आवाज किती ठेवायचा हा प्रश्न शेवटी कायद्याकडेही जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत देऊ शकतं. पहाटेचा काकडा म्हणजे माईकशिवायच. खरं सांगतो, थंडीतल्या पहाटे नुसत्या टाळ-मृदंगावर काकडा ऐकून बघा. माईकची आठवणही येत नाही.

पुढच्या सप्ताहाचा बयाणा देण्याआधी साऊंडवाल्याला एवढं विचारा: हेड माईक आहे का? ग्राफिक इक्वलायझर आहे का, का नुसता मिक्सर? मल्टीकोर किती फूट? पहिल्या दिवशी दुपारी चारला मंडपात येणार का? शेवटच्या प्रश्नाला तो 'हो' म्हणाला तर दोन पैसे जास्त द्या. आणि कॉर्डलेसचे पेन्सिल सेल रोज संध्याकाळी नवे टाकायचे, त्याचा खर्च कमिटीकडे, हे त्याच कागदावर लिहून घ्या.